उमरीकरांना टॅक्स भरायचा होता

ही हकीकत सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. लोक गंगाधररावांना हसतील, असं कारण मी स्वतःला देत होतो. खरं म्हणजे त्यांना हसलो मीच होतो, आणि हसू नये नेमक्या त्या वेळी हसलो होतो. गंगाधरराव उमरीकरांना जाऊन आता तीन वर्षं झाली. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. आणखी टाळलं तर सांगायचं राहूनच जाईल.

गंगाधरराव अकरा वर्षं रोज सकाळी नऊला ड्यूटीवर हजर होत आणि संध्याकाळी साडेपाचला सुटत. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात तीन कप्प्यांचा डबा. रविवारी सुट्टी. दसरा, दिवाळी, उगादी आणि रमजानच्या ईदला सुट्टी. यात विशेष काय, असं कुणी म्हणेल. विशेष एवढंच की या अकरा वर्षांत त्यांना नोकरी नव्हती.

नोकरी होती तेव्हा ते शहराबाहेरच्या एका लहानशा पंख्यांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. घराणं मूळचं उमरीकडचं, शेतकऱ्याचं. आजोबांच्या काळात हैदराबादला आलेलं. गौलीगुड्यात दोन खोल्यांत नवरा-बायको आणि एक मुलगी असा संसार. एके दिवशी स्टोअरमध्ये तांब्याच्या तारेची रिळं कमी भरली. चाव्या दोघांकडे असायच्या, गंगाधररावांकडे आणि मालकाच्या मेव्हण्याकडे. चौकशी झाली. मेव्हणा नोकरीत राहिला.

नरसिंहम नावाच्या वकिलांनी त्यांचा दावा कामगार कोर्टात लावला. पहिल्याच भेटीत त्यांनी समजावलं की मधल्या काळाचा पगार मागायचा असेल तर कोर्टात दोन गोष्टी सांगाव्या लागतील: मी रोज कामावर यायला तयार होतो, आणि या काळात दुसरीकडे कुठे कमावलं नाही. बाकीची माणसं हे कोर्टात सांगतात आणि एखाद्या दुकानात चिठ्ठ्या लिहायला लागतात. गंगाधररावांना वाटलं, सांगायचं आहे म्हणजे तसं करायलाही पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बस पकडून कारखान्याच्या गेटवर गेले. वॉचमन खाजामियांनी आत सोडलं नाही. गंगाधरराव बाहेर उभे राहिले, दुपारी तिथेच डबा खाल्ला, साडेपाचला परतले. चार महिने हे चाललं. शेवटी खाजामियांना राहवेना. ते म्हणाले, "साब, रोज कायकू आते आप? नौकरी तो गई ना."

"उनकी तरफ से गई," गंगाधरराव म्हणाले. "मेरी तरफ से नहीं गई."

मालकाने ठाण्यात तक्रार दिली तेव्हा नरसिंहमनी गेटवर जायला मनाई केली. मग गंगाधररावांनी ड्यूटीची जागा बदलली. नवी जागा म्हणजे माझ्या ऑफिसचा व्हरांडा.

माझं ऑफिस काचीगुड्याला, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर होतं. मी इन्कमटॅक्सची कामं करायचो. वकील नव्हतो, तरी अर्धा मोहल्ला मला वकीलसाहेब म्हणायचा आणि मी दुरुस्त करायचो नाही. गंगाधरराव मात्र भाऊसाहेब म्हणत. आमची ओळख जुनी. नोकरीत असताना ते दर वर्षी माझ्याकडून रिटर्न भरून घेत. त्यांचा पगार टॅक्सच्या मर्यादेपर्यंत पोचायचा नाही, तेव्हा रिटर्नची सक्ती नव्हती. पण ते यायचे, शेवटच्या ओळीतलं शून्य बघायचे आणि थोडे खट्टू होऊन जायचे. "आमच्या फिटरला टॅक्स बसतो," म्हणायचे. "त्याच्या तनख्याची सरकारला खबर आहे. आमची नाही." पगाराला ते जुन्या हैदराबादी माणसासारखं तनखा म्हणत.

"हाजिरीला छप्पर पाहिजे, भाऊसाहेब," असं म्हणून त्यांनी बाहेरचा बाक मागितला. एकच अट घातली, मी त्यांना काम सांगायचं नाही. मला वाटलं, आठवडाभर बसतील.

आल्यावर ते पिशवीतून एक लांबट वही काढत. ते हाजिरीबुक. तारीख, यायची वेळ, जायची वेळ, सही आणि शेरा, असे रकाने स्वतः आखलेले. शेरा रोज एकच: 'हजर. काम दिलं नाही.' दुपारी एक वाजता डबा. दीड वाजता पुन्हा बाकावर. पेपर वाचत नसत, ड्यूटीवर पेपर वाचलेला चालत नाही म्हणून. डुलकी काढत नसत. समोरचा रस्ता बघत ताठ बसून राहत. माझे अशील त्यांना माझा कारकून समजून कागद पुढे करत. ते हात जोडून सांगत, "मी दुसऱ्या ऑफिसचा आहे."

कमावण्याची तर त्यांनी धास्तीच घेतली होती. कुणी काही देऊ केलं की पहिला प्रश्न, "कशाबद्दल?" मी चहा पाठवला तर कशाबद्दल. पैसे देऊनच प्यायचे. एकदा फायली काढताना माझी शिडी हलायला लागली म्हणून मी त्यांना हाक मारली. त्यांनी येऊन शिडी धरली. मी खाली उतरल्यावर त्यांनी एका कागदावर लिहिलं की आज सकाळी मी पाच मिनिटं शिडी धरली, त्याबद्दल कुठलाही मोबदला घेतला नाही, आणि त्यावर माझी सही घेतली. कोर्टात कुणी विचारलं तर हाताशी असावं, म्हणून. दिवाळीला माझ्या बायकोनं चिवडा नेऊन दिला तेव्हा तिलाही विचारलं, "वहिनी, कशाबद्दल?" ती म्हणाली, "दिवाळीबद्दल." त्यांनी जरा विचार केला आणि घेतला.

रजेचं प्रकरण याहून अवघड होतं. रजा द्यायचा अधिकार कारखान्याच्या मॅनेजरचा, तेव्हा रजेची दरख्वास्त रजिस्टर पोस्टाने कारखान्याला जायची. ती 'घेण्यास नकार' असा शिक्का घेऊन परत यायची. म्हणजे रजा मंजूर झाली नाही, म्हणजे ड्यूटीवर जाणं आलं. सख्ख्या पुतण्याचं लग्न उमरीला झालं, तेव्हा गंगाधरराव काचीगुड्याला माझ्या बाकावर बसले होते. भाऊ दोन वर्षं त्यांच्याशी बोलला नाही.

हे सगळं चालायचं ते सुमनवहिनींच्या जिवावर. नांदेड-परभणीकडून शिकायला आलेली मुलं गौलीगुड्यात खोल्या करून राहायची. वहिनी त्यांना ज्वारीच्या भाकऱ्यांचे डबे पुरवायच्या. सकाळी चार वाजल्यापासून भाकऱ्या थापायच्या. पण पहिला डबा गंगाधररावांचा भरला जायचा, कारण त्यांना ड्यूटीवर वेळेत पोचायचं असायचं.

नवव्या वर्षी वहिनी आजारी पडल्या. तेवीस दिवस दवाखान्यात होत्या. त्या तेवीस दिवसांत बाक रिकामा राहिला. त्यांनी या वेळी दरख्वास्त पाठवली नाही. नंतर मी हाजिरीबुकात पाहिलं, रोजच्या रकान्यात लिहिलं होतं, 'बिनपगारी रजा. पत्नी आजारी.' चोविसाव्या दिवशी लिहिलं होतं, 'पत्नी वारली.' पुढचे तेरा दिवस पुन्हा बिनपगारी. चौदाव्या दिवशी ते नऊ वाजता बाकावर होते. डबा नव्हता.

त्याच आठवड्यात नरसिंहम एका कामासाठी माझ्याकडे आले होते. गंगाधरराव त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले की दाव्यातून एवढ्या दिवसांचा तनखा कमी करा, मी त्या दिवसांत हजर नव्हतो. नरसिंहमनी त्यांना समजावलं, ते ऐकेनात. ते बाहेर गेल्यावर नरसिंहमनी मला विचारलं, "इनका दिमाग तो बराबर है ना?" मी खांदे उडवले.

अकराव्या वर्षी मालकाने जमीन विकायला काढली. जमिनीच्या मागे कोर्टाचं झेंगट नको म्हणून त्याने चालू दावे मिटवायचं ठरवलं. कंपनीच्या वकिलाने एक रक्कम सांगितली, नरसिंहमनी ती थोडी वाढवून घेतली, आणि तडजोडीच्या करारनाम्याचा मसुदा घेऊन दोघेही माझ्या ऑफिसात आले. टॅक्सच्या बाजूने एकदा नजर घालावी, एवढंच माझं काम होतं.

इथे थोडं टॅक्सचं सांगावं लागेल. कोर्टकज्जातून मिळालेल्या पैशावर टॅक्स लागतो का, हे मला आयुष्यात कितीतरी जणांनी विचारलं. कुणाला अपघाताची भरपाई मिळालेली असायची, कुणाला घटस्फोटात एकरकमी पोटगी, कुणाला भाडेकरूशी समझोता करून काही आलेलं. दावा जिंकला म्हणून टॅक्स लागतो असं नाही आणि कोर्टाने दिला म्हणून माफ होतो असंही नाही. बघायचं एकच, तो पैसा कशाबद्दल मिळाला. अपघातात हात गेला आणि त्याची भरपाई मिळाली, तर ती कमाई नव्हे. ती भरपाई उशिरा मिळाली म्हणून वर व्याज मिळालं, तर त्या व्याजाची गोष्ट वेगळी. आणि बुडालेला पगार मिळाला तर तो पगारच. कोर्टाच्या दारातून आला तरी त्यावर टॅक्स लागतो.

मसुद्यात लिहिलं होतं, 'थकीत पगारापोटी.' मी ते शब्द खोडले.

त्या सुमारास मी काही निकाल वाचले होते. मालकाने कुठलंही बंधन नसताना आपखुशीने काही दिलं, तर त्याला पगार म्हणता येत नाही, असा त्यांचा साधारण आशय. मी मसुदा बदलला. कंपनीने ही रक्कम कुठलीही जबाबदारी मान्य न करता, स्वखुशीने, एकरकमी दिली आहे. हा पगार नव्हे. आणि ते पक्कं बसावं म्हणून आणखी एक कलम घातलं, की उमरीकर यांचा नोकरीचा संबंध कामावरून काढल्याच्या तारखेलाच संपला होता. कंपनीच्या वकिलाला यात तक्रार करण्यासारखं काहीच नव्हतं. नरसिंहमनी मान हलवून म्हटलं, "क्या बात है साब, ये तो हमको भी नहीं सूझता." ते वाक्य मला फार आवडलं. अजून आठवतं, यावरून किती आवडलं ते समजावं.

गंगाधररावांना आत बोलावलं. त्यांनी चष्मा लावून करारनामा दोनदा वाचला. इंग्रजी त्यांना सावकाश, पण वाचता यायचं.

"भाऊसाहेब, यात तनखा कुठाय?"

मी सांगितलं, काढला. तनखा म्हटलं की टॅक्स लागतो.

"लागू द्या की."

"अहो गंगाधरराव, तुम्हाला पैसे पाहिजेत का टॅक्स भरायचाय?"

"टॅक्स भरायचाय," ते म्हणाले.

मी हसलो. मी हसलो म्हणून नरसिंहम हसले आणि कंपनीचा वकीलही. गंगाधरराव आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिले. मग तेही थोडंसं हसले. तीन शिकलेली माणसं हसत असताना आपण गंभीर बसणं त्यांना बरं वाटलं नसावं. मी पेन पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही, खिशातलं स्वतःचं काढलं, आणि जिथे जिथे मी बोट ठेवलं तिथे सह्या केल्या.

दुसऱ्या दिवशी बाक रिकामा होता. मला दोन-तीन दिवस चुकल्याचुकल्यासारखं झालं, मग सवय झाली.

पुढच्या वर्षी रिटर्नच्या दिवसांत ते आले. या वेळी नऊला नाही, चारला, बाकीच्या अशिलांसारखे. चपला बाहेर काढल्या, समोरच्या खुर्चीवर बसले आणि ती रक्कम कुठे दाखवलीत म्हणून विचारलं. मी कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. टॅक्स न लागणाऱ्या रकमांच्या रकान्यात ती दाखवली होती. पगाराचा रकाना मोकळा होता.

"आणि ही अकरा वर्षं?" त्यांनी विचारलं. "कागदावर मी काय करत होतो?"

"काय करणार? माझ्या व्हरांड्यात बसला होतात," मी म्हणालो.

मी हे गमतीत म्हणालो. त्या माणसाला माझ्या गमतीची सवय आहे, असं मी धरून चाललो होतो.  मग ते पडद्याकडे बघतच बोलायला लागले, आणि त्यांना इतकं सलग बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"सुमन सगळ्यांना सांगायची, ड्यूटीवर गेलेत म्हणून," ते म्हणाले. "नऊ वर्षं. हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, तुमच्या ह्यांची बदली काचीगुड्याला झाली म्हणे? ती म्हणायची, हौ, काम हलकं आहे, पण वेळेवर जावं लागतं. त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. मी म्हटलं तिला, सुमन, नको सांगत जाऊ. घरी बसलेत म्हणून सांग, विषय संपेल. तर म्हणाली, तुम्ही निकाल लागेपर्यंत जा. एकदा मधला तनखा मिळाला की माझं बोलणं खोटं राहत नाही."

मी पडदा पुन्हा माझ्याकडे वळवला.

"म्हणून म्हणत होतो, टॅक्स लागू द्या. टॅक्स लागला असता तर तनखा ठरला असता. मुलीला दाखवला असता कागद. त्या बायकांनाही दाखवला असता एखाद्या वेळी. तेवढं एक राहिलं बघा." मग त्यांनी जरा पुढे सरकून विचारलं, "आपणहून भरला तर? मी म्हणतो तनखा आहे, घ्या टॅक्स. सरकार नको म्हणेल का?"

मी त्यांना समजावून सांगितलं की तसं करता येत नाही. कंपनीच्या कागदावर तुमची नोकरी काढल्याच्या तारखेलाच संपलेली आहे. करारनाम्यावर तुमची सही आहे. तुम्ही पगार म्हणालात तरी त्याला आधार राहिला नाही. हे सगळं बरोबर होतं. मी शांतपणे, मुद्देसूद सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मोबाइलवर ओटीपी आला, तो त्यांनी एकेक आकडा करून मला वाचून दाखवला, आणि रिटर्न गेलं.

 सगळ्यात वाईट गोष्ट मला तेव्हा नव्याने समजली असंही नाही. ती मला आधीपासून माहीत होती. जुन्या वर्षांचा पगार एकदम हातात आला तर तो ज्या त्या वर्षांत वाटून टॅक्स काढायची सवलत आहे. त्यासाठी फक्त एक फॉर्म भरावा लागतो. त्यात वर्षांची नावं लिहायची आणि प्रत्येक वर्षापुढे त्या वर्षाचा पगार. गंगाधररावांच्या बाबतीत अकरा ओळी झाल्या असत्या. टॅक्स अगदी किरकोळ आला असता, त्यांना हवा होता तेवढा. आणि तो कागद गौलीगुड्यातल्या कुठल्याही घरात नेऊन दाखवता आला असता. हा फॉर्म मी शेकडो लोकांचा भरला होता. करारनाम्याच्या दिवशी मला तो सुचला नाही असं म्हणणं खोटं होईल. तो कुठलाही कारकून भरतो. नरसिंहमनी त्याला क्या बात है म्हटलं नसतं.

त्यानंतर दर वर्षी ते येत, आणि दर वर्षी मी ठरवायचो की आज बोलायचं. कधी दुसरे अशील बसलेले असत, कधी त्यांनाच घाई असे. माझ्यासारख्या माणसाला कारण मिळायला वेळ लागत नाही. मग एका वर्षी ते आले नाहीत. मुलगी वसुधा नामपल्लीला असते, तिचा फोन आला की बाबांना आता जिने चढउतर होत नाहीत, कागद मी आणून देईन. मी म्हणालो, कागद राहू दे, मीच येतो.

गौलीगुड्याच्या त्या खोलीत वसुधाचे सासू-सासरे आणि शेजारचे दोघे बसलेले होते. गंगाधरराव खूप वाळले होते, पण शर्ट इस्त्रीचा होता. मला बघून ते उठून उभे राहिले आणि सगळ्यांना माझी ओळख करून दिली. "हे आमचे भाऊसाहेब. एवढी मोठी रक्कम आली होती, पण यांनी एका पैचा टॅक्स लागू दिला नाही. मोठमोठ्या वकिलांना सुचलं नाही ते यांना सुचलं." सगळ्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. वसुधाच्या सासऱ्यांनी हात जोडले. मी हात जोडले. मग चहा आला. तो मी प्यालो.

निघताना मी नको नको म्हणत असताना ते वसुधाचा हात धरून एकेक पायरी उतरत माझ्याबरोबर रिक्षापर्यंत आले. वसुधा रिक्षावाल्याशी भाडं ठरवायला पुढे गेली. आम्ही दोघेच राहिलो.

मी म्हणालो, "गंगाधरराव, त्या करारनाम्याचं तुम्हाला एक सांगायचं होतं."

"सोडा हो, भाऊसाहेब," ते म्हणाले. "तुम्ही माझ्या भल्यासाठीच केलं."

मला सांगायचं होतं ते नेमकं हेच, की भल्यासाठी केलं नव्हतं. नरसिंहमसमोर हुशार दिसावं म्हणून केलं. तुम्ही सरळ सांगत होतात, ते मी ऐकलं नाही, वर हसलो. वहिनींचं बोलणं खरं ठरवेल असा एकच कागद होता, तो मी माझ्या हाताने बदलला. मला माफ करा. एवढी वाक्यं तयार होती. घरून निघताना मी ती दोनदा म्हणून पाहिली होती.

रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "चलना क्या, साब?"

मी "हौ" म्हणालो.